दुकानातला ब्राउझर सारखा बंद पडतो. कर्ज काढून नवा कॉम्प्युटर घ्यावा का?

वाचकाचा प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका गावात झेरॉक्सचे आणि ऑनलाईन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, शेतजमिनीचे उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज अशी कामे त्या करतात. गेल्या काही महिन्यांपासून अर्ज भरता भरता क्रोम हा ब्राउझर अचानक बंद होतो आणि भरलेले सगळे जाते. एकदा फी भरतानाच तो बंद पडला, त्यांनी पुन्हा पैसे भरले आणि गिऱ्हाइकाची फी दोनदा कापली गेली. जादाची रक्कम त्यांनी स्वतःच्या खिशातून परत केली. कॉम्प्युटर सहा वर्षांचा आहे, त्यात विंडोज १० आणि चार जीबी रॅम (मेमरी) आहे. बेळगावात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या त्यांच्या भाच्याने स्वतःच्या खात्याने क्रोममध्ये लॉग-इन करून चौदा ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, यांनाच एक्स्टेन्शनही म्हणतात) टाकून दिली आहेत: कन्नडचे भाषांतर करणारे, कन्नड टाइप करणारे, पीडीएफ बनवणारी दोन, जाहिराती अडवणारी तीन, ब्राउझरचा वेग वाढवणारे, सवलतीची कुपने शोधणारे, आणि आणखी काही. दुरुस्तीवाल्याने क्रोम काढून नव्याने टाकला, तेव्हा दोन दिवस काम सुरळीत चालले. मग भाच्याने आपले खाते पुन्हा जोडले आणि त्रास पूर्ववत झाला. मशीन जुने झाले आहे, तेव्हा सोसायटीतून कर्ज काढून नवे घ्यावे, असे यजमानांचे मत आहे. ॲड-ऑन फुकट आहेत आणि उपयोगी आहेत, ती काढली तर कन्नड पाने वाचता येणार नाहीत आणि भाच्यालाही वाईट वाटेल, असे ताईंना वाटते. कर्ज काढावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

ताई,

कर्जाचा अर्ज तूर्त भरू नका. असे सांगण्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. क्रोम नव्याने टाकल्यावर दोन दिवस काम सुरळीत चालले, असे तुम्ही लिहिले आहे. त्या दोन दिवसांत कॉम्प्युटर तोच होता, रॅम तेवढीच होती, विंडोज तेच होते आणि सरकारी पोर्टलही तीच होती. फरक एवढाच होता की भाच्याचे खाते जोडलेले नव्हते, आणि म्हणून त्या खात्यासोबत येणारी चौदा ॲड-ऑनही नव्हती. खाते जोडले गेले, ॲड-ऑन परत आली आणि ब्राउझर पुन्हा कोसळू लागला. तुम्ही नकळत एक चांगली चाचणीच करून ठेवली आहे, आणि तिचा कौल मशीनपेक्षा ॲड-ऑनकडे बोट दाखवतो. दोन दिवसांचा अनुभव पुरेसा पुरावा नसतो हे खरे, म्हणून ती चाचणी जरा नीट आणि अधिक काळ करावी लागेल. पण अडीअडचणीसाठी राखलेली पत नव्या मशीनवर घालण्याआधी एवढे करणे नक्कीच परवडते.

असे का होते, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण ते समजले की काय ठेवावे आणि काय काढावे याचा निर्णय तुम्हाला दुसऱ्या कोणाला न विचारता घेता येईल. क्रोममध्ये उघडलेला जवळपास प्रत्येक टॅब हा कॉम्प्युटरच्या दृष्टीने एक स्वतंत्र काम असतो. त्यामुळेच कधी कधी एकच पान कोसळते, त्या जागी उदास चेहऱ्याचे चित्र दिसते आणि बाकीचे टॅब चालू राहतात. ॲड-ऑनही असेच आपापले स्वतंत्र काम म्हणून चालते. मात्र ज्या ॲड-ऑनला सर्व संकेतस्थळांवर जाण्याची परवानगी दिलेली असते, ते तेवढ्यावर थांबत नाही. तुम्ही उघडलेल्या प्रत्येक पानात ते आपला एक तुकडा चालवते. चौदांपैकी दहांना अशी परवानगी असेल आणि तुम्ही आठ टॅब उघडले असतील, तर ऐंशी ठिकाणी काही ना काही चाललेले असते, आणि त्यातले तुमच्या अर्जाच्या उपयोगाचे फार थोडे असते. चार जीबी रॅममधला मोठा हिस्सा विंडोज आणि अँटिव्हायरस आधीच घेऊन बसलेले असतात. उरलेली जागा संपली की विंडोज काही माहिती हार्ड डिस्कवर हलवू लागते, सगळे रेंगाळते, आणि तेही पुरेना झाले की टॅब कोसळतो किंवा संपूर्ण ब्राउझरच बंद होतो. यांपैकी कोणता प्रकार तुमच्याकडे घडतो हे तुम्ही कळवले असते, तर निदान आणखी सोपे झाले असते. पुढच्या वेळी एक पान गेले की अख्खा ब्राउझर गेला, हे वहीत लिहून ठेवा.

मेमरी हे एक कारण झाले. दुसरे कारण म्हणजे ॲड-ऑनची आपापसातली ओढाताण. जाहिराती अडवणारी तीन ॲड-ऑन एकाच पानावर एकाच वेळी काम करू लागतात, तेव्हा जाहिराती तिप्पट अडत नाहीत. एकाने बदललेले पान दुसरे पुन्हा तपासते आणि पुन्हा बदलते, आणि त्या गडबडीत पानावरचा आवश्यक भागही अडवला जाऊ शकतो. भाषांतराचे तसेच आहे. ते पानावरचा मजकूर जागच्या जागी बदलून टाकते, तर अर्जाचे पान आपलाच मूळ मजकूर आणि मूळ रचना शिल्लक असल्याचे गृहीत धरून चालत असते. त्यामुळे तालुका निवडल्यावर खाली गावांची यादीच न येणे किंवा सादर करण्याचे बटण दाबूनही काही न होणे, असे प्रकार घडतात. आपण त्याला सर्व्हर डाऊन म्हणून सोडून देतो. शेवटच्या तारखेच्या आसपास सर्व्हर खरोखरच कोलमडतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. परंतु तेव्हा पानावर तसा संदेश येतो किंवा पान नुसते फिरत राहते. सर्व्हर बंद पडला म्हणून तुमचा ब्राउझर बंद होत नाही. ब्राउझरच मिटत असेल, तर दोष तुमच्या मशीनवरच कुठेतरी शोधला पाहिजे.

आता तुमच्या एका समजुतीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ॲड-ऑन फुकट आहेत, तेव्हा असू द्यावीत, असे तुम्ही लिहिले आहे. पैशांत ती फुकट आहेत हे मान्य. परंतु टाकताना आलेली एक ओळ तुम्ही किंवा भाच्याने वाचून पुढे ढकलली असेल: सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे. या परवानगीचा अर्थ अगदी शब्दशः घ्यावा लागतो. तुमच्या दुकानात लोक आपले आधार कार्ड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा तपशील, मुलांच्या गुणपत्रिका विश्वासाने तुमच्या हाती देतात, आणि तुम्ही ते सगळे ज्या पानांवर टाइप करता, ती पाने कुपने शोधणारे ॲड-ऑनही वाचू शकते. ते वाचतेच असे मी म्हणत नाही. पण वाचू शकेल अशी मोकळीक आपण त्याला दिलेली असते, आणि आपल्या गिऱ्हाइकाला त्याची कल्पनाही नसते.

प्रसिद्ध ॲड-ऑन आहे म्हणून निर्धास्त राहावे, अशीही परिस्थिती नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचे ॲड-ऑन वापरात नसलेले टॅब झोपवून मेमरी वाचवत असे आणि लाखो लोक ते समाधानाने वापरत होते. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्या कोणाला तरी विकले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचे सांगून ते आपल्या क्रोम वेब स्टोअरमधून काढले आणि लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केले. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या सुरक्षेच्याच क्षेत्रातील कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला फसवून तिच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती नाताळच्या सुमारास लोकांच्या ब्राउझरमध्ये पोहोचवली गेली. ॲड-ऑन आपोआप अद्ययावत होतात. म्हणजे ज्या दिवशी भाच्याने ते टाकले त्या दिवशी ते चांगले होते, एवढ्यावरून आज ते कसे आहे हे ठरत नाही. वेग वाढवून देतो म्हणणाऱ्या ॲड-ऑनविषयी तर माझे मत पक्के आहे: ब्राउझरमध्ये आणखी एक काम चालू करून ब्राउझरचा वेग वाढत नाही. मेमरी वाचवण्याची सोय क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स या भागात आता मुळातच आहे, तिथे मेमरी सेव्हर चालू करा आणि ते वेगवाले ॲड-ऑन पहिल्यांदा काढा.

कन्नडचा प्रश्न मात्र यापेक्षा नाजूक आहे, आणि तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आणि कन्नड अक्षरे सावकाश वाचणाऱ्या आपल्या भागातील कितीतरी जणींना रोज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू, नाडकचेरी आणि भूमी या पोर्टलांची पाने हाताळावी लागतात. एक रकाना चुकला तर गिऱ्हाइकाचा दाखला अडतो. भाषांतराची सोय ही तुमच्यासाठी चैन नाही, तर दुकान चालवण्याची गरज आहे. पण ती सोय क्रोममध्ये मुळातच आहे. सेटिंगमध्ये भाषांच्या भागात जाऊन भाषांतर मराठीत व्हावे असे एकदा ठरवून द्या, म्हणजे पानावर माउसचे उजवे बटण दाबल्यावर मराठीत भाषांतर करण्याचा पर्याय येतो. फक्त एक शिस्त पाळा: भाषांतर करून पान वाचून घ्या, काय विचारले आहे ते समजून घ्या, आणि अर्ज भरायला सुरुवात करण्यापूर्वी पान ताजे करून मूळ कन्नडमध्ये किंवा पोर्टलवर इंग्रजीचा पर्याय असेल तर इंग्रजीत आणा. याचे एक कारण वर आलेच आहे. दुसरे असे की यंत्र गावांची, आडनावांची आणि जातींच्या यादीतील नावांचीही भाषांतरे करून टाकते, आणि मग यादीतून चुकीचे नाव निवडले जाते. अर्जांत येणारे कन्नड शब्द तसे थोडेच असतात आणि ते पुन:पुन्हा येतात. हेसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, आदाय म्हणजे उत्पन्न, उळिसु म्हणजे जतन करा, सल्लिसु म्हणजे सादर करा, असे चाळीसेक शब्द कन्नड लिपीसह मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी भिंतीला लावा. महिन्याभरात भाषांतराची गरज निम्म्याने कमी होईल, असा माझा विश्वास आहे.

टाइप करण्याच्या ॲड-ऑनचीही तुम्हाला गरज नाही. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातील अपडेटपासून मराठी आणि कन्नडसह दहा भारतीय भाषांचे उच्चारानुसार चालणारे कीबोर्ड आले आहेत. भाषांच्या सेटिंगमधून ते जोडून घेतले की विंडोजचे बटण आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलता येते. पीडीएफची दोन्ही ॲड-ऑनही अनावश्यक आहेत, कारण क्रोम पीडीएफ स्वतःच उघडतो आणि कोणतेही पान छापताना प्रिंटरच्या जागी पीडीएफ म्हणून जतन करण्याचा पर्याय देतो. स्क्रीनचे चित्र घेण्यासाठी विंडोजचे बटण, शिफ्ट आणि एस ही तीन बटणे पुरतात. जाहिराती अडवणारे एक ॲड-ऑन मात्र जरूर ठेवा, कारण डाउनलोडच्या खोट्या बटणांपासून ते खरेच वाचवते. क्रोमने २०२४ आणि २०२५ या काळात जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन टप्प्याटप्प्याने बंद केली, त्यामुळे पूर्वी सर्वत्र सुचवले जाणारे यूब्लॉक ओरिजिन क्रोमवर आता चालत नाही. त्याच कर्त्याचे यूब्लॉक ओरिजिन लाइट चालते. म्हणजे चौदांतून तुमच्याकडे एक उरते. डिजिटल सहीसाठी एखाद्या पोर्टलने स्वतःहून मागितलेले काही असेल, तर दोन. आधारच्या बोटांच्या ठशाच्या यंत्रासाठी बसवलेली आरडी सर्व्हिस हा विंडोजमधला वेगळा प्रोग्राम आहे, तो ब्राउझरच्या यादीत दिसणार नाही. साफसफाईच्या उत्साहात त्याला हात लावू नका.

हे प्रत्यक्षात करताना घाई मात्र नको. भाच्याचे खाते जोडलेले असताना तुम्ही थेट ॲड-ऑन काढू लागलात, तर खात्यामार्फत ती त्याच्या लॅपटॉपवरूनही निघून जातील, आणि मग त्याला खरोखरच वाईट वाटेल. क्रोम काढून पुन्हा टाकल्याने दुखणे का गेले नाही, याचे उत्तरही इथेच आहे: ॲड-ऑनची यादी त्याच्या खात्यात सुरक्षित राहते, आणि लॉग-इन करताच ती पुन्हा उतरते. आणखी एक गोष्ट यातून निघते, आणि मला ती ब्राउझर बंद पडण्यापेक्षाही गंभीर वाटते. तुमच्या दुकानात क्रोमने जतन केलेले पासवर्ड, अर्जांच्या पानांचा इतिहास, बुकमार्क हे सर्व त्याच्या खात्यात जात असण्याची दाट शक्यता आहे. मुलगा प्रामाणिक आहे याबद्दल शंका नाही. पण गिऱ्हाइकांच्या शिष्यवृत्ती खात्यांचे पासवर्ड वसतिगृहातल्या त्याच्या लॅपटॉपवर आणि मोबाईलवर असणे, हे त्याच्याही दृष्टीने बरे नाही.

म्हणून दुकानासाठी क्रोममध्ये वेगळे प्रोफाइल, म्हणजे स्वतःची सेटिंग आणि ॲड-ऑन असलेला स्वतंत्र कप्पा, बनवा. उजव्या वरच्या कोपऱ्यातील गोल चित्रावर क्लिक केले की नवे प्रोफाइल जोडण्याचा पर्याय दिसतो. तिथे खाते न जोडता पुढे जा आणि प्रोफाइलला दुकानाचे नाव द्या. जुन्या प्रोफाइलमधील बुकमार्क एका फाइलमध्ये काढून नव्यात घेता येतात. नव्या प्रोफाइलमध्ये पासवर्ड जतन करण्याची विचारणा बंद करून टाका. त्यात पहिले चार दिवस एकही ॲड-ऑन घालू नका, आणि रोजची सगळी कामे त्यातच करा. जुने प्रोफाइल तसेच राहू द्या, म्हणजे काही अडलेच तर परत जाता येईल. चार दिवस नीट गेले, तर जाहिराती अडवणारे एक ॲड-ऑन घाला आणि आणखी आठवडाभर पाहा. सगळे ठीक असेल तर जुने प्रोफाइल या कॉम्प्युटरवरून काढून टाका. त्याने भाच्याच्या खात्यातील त्याचे काही पुसले जात नाही. गिऱ्हाइकांचे जे पासवर्ड त्याच्या खात्यात गेले असतील, ते मात्र त्याला त्याच्या बाजूने पुसायला सांगावे लागतील.

चौदांपैकी नेमके कोणते ॲड-ऑन दोषी होते, हे यातून कळणार नाही, आणि तुमच्यासाठी ते कळण्याची गरजही नाही. ज्याची गरज नाही ते निर्दोष असले तरी काढायचेच आहे. इतर काही वाचकांची स्थिती वेगळी असू शकते: निपाणीतील एखाद्या शिक्षकाला किंवा चिकोडीतील एखाद्या हिशेबनिसाला कामासाठी पाच-सहा ॲड-ऑन खरोखरच लागत असतील, तर त्यांना दोषी शोधावे लागेल. त्यांनी क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब व कोणते एक्स्टेन्शन किती मेमरी खात आहे ते दिसते. त्यातून उलगडा झाला नाही, तर निम्मी बंद करून पाहावे, त्रास थांबला तर दोषी त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत, असे अर्धे-अर्धे करत गेले की सोळांतूनही चार फेऱ्यांत एक सापडते. फक्त दोन ॲड-ऑन एकत्र असतानाच त्रास होत असेल, तर ही युक्ती फसते. तेव्हा सगळी बंद करून एकेक चालू करत जाण्याला पर्याय नाही. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना मदतीच्या मेनूमध्ये ट्रबलशूट मोड मिळतो, त्यात सर्व ॲड-ऑन तात्पुरती बंद ठेवून ब्राउझर सुरू होतो. एखादे एक्स्टेन्शन काढण्याचे बटणच दिसत नसेल, किंवा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहे असे घरच्या कॉम्प्युटरवर लिहून येत असेल, तर ते बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी फुकट प्रोग्रामसोबत घुसलेले असते. विंडोजच्या प्रोग्रामांच्या यादीतून तो मूळ प्रोग्राम काढून अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी करावी. आणि पान नीट दिसण्यासाठी फ्लॅश प्लेअर हा जुना प्रोग्राम टाका, असे कोणी आजही सुचवत असेल, तर ते पान तत्काळ बंद करावे. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार (सपोर्ट) थांबवला, त्यामुळे आता फ्लॅश मागणारी खिडकी ही फसवणूकच समजावी.

भाच्याशी कसे बोलायचे, याची तुम्हाला काळजी वाटते. तुझ्यामुळे बिघडले, अशी सुरुवात करू नका. ते खरेही नाही, कारण त्याच्या सोळा जीबीच्या नव्या लॅपटॉपवर कदाचित हीच चौदा ॲड-ऑन बिनतक्रार चालत असतील. तो रविवारी गावी आला की त्याला शेजारी बसवा, यादी उघडा आणि प्रत्येक ॲड-ऑनसाठी एकच विचारा: मावशीच्या दुकानात याचे काम काय? हुशार मुलगा आहे, अर्ध्या यादीतच त्याच्या लक्षात येईल. नवे प्रोफाइल त्याच्याच हातून बनवून घ्या. मदत काढून घेतल्यासारखे त्याला वाटणार नाही, आणि तुमच्या दुकानाचा कॉम्प्युटर त्याच्या खात्यापासून मोकळा होईल.

दोनदा गेलेल्या फीबद्दलही सांगते, कारण ते पैसे कदाचित अजून परत मिळू शकतात. बँकेचे विवरण काढून दोन्ही व्यवहार पाहा. पहिल्या वेळी पैसे खात्यातून गेले पण पोर्टलकडे पोहोचल्याची पुष्टीच झाली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे यूपीआय किंवा कार्डाने केलेल्या अशा भरण्याची रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते. दोन्ही व्यवहार यशस्वी दिसत असतील, तर बँक काही करू शकत नाही. दोन्ही क्रमांक देऊन संबंधित सरकारी खात्याकडे परताव्याचा अर्ज करावा लागेल. यापुढे फी भरण्याच्या पानावर जाण्यापूर्वी अर्ज क्रमांकाचा मोबाईलवर फोटो घेत जा, मसुदा जतन करण्याची सोय असेल तिथे ती वापरा, आणि ब्राउझर मधेच मिटलाच तर बँकेचा संदेश आणि पोर्टलवरील व्यवहाराची स्थिती पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा पैसे भरू नका. गिऱ्हाइक समोर ताटकळत उभे असताना हे कठीण जाते, हे मी जाणते. तरीही त्याला दहा मिनिटे बसवून घेणे योग्य.

राहिला यजमानांचा मुद्दा, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. लोकांची कागदपत्रे हाताळणारे मशीन सुरक्षा अपडेटशिवाय फार काळ वापरणे बरे नव्हे, म्हणून पुढच्या काळाचा विचार करावाच लागेल. पण तो विचार ब्राउझर कोसळतो म्हणून घाबरून करायचा नाही. आधी नव्या प्रोफाइलवर पंधरा दिवस काढा. त्यानंतरही ब्राउझर बंद पडत असेल, तर सेटिंगमध्ये सिस्टिम या भागातील हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून पाहा आणि सी ड्राइव्हवर पुरेशी मोकळी जागा आहे का ते तपासा. ब्राउझरऐवजी अख्खा कॉम्प्युटरच बंद होत असेल, तर ते विजेचे किंवा पॉवर सप्लायचे दुखणे असू शकते. खानापूरच्या पावसाळ्यात वीज किती वेळा ये-जा करते हे तुम्हाला सांगायला नको, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी बदलून बघा.

यातून मशीन तरले, तर मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या प्रोग्रामने ते विंडोज ११ चालवू शकते का ते पाहा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सहा वर्षांपूर्वी मशीन नवे घेतले असेल, तर तो असण्याची बरीच शक्यता आहे. उत्तर होय आले, तर बेळगावच्या दुरुस्तीवाल्याकडून दोन गोष्टी विचारून घ्या: मदरबोर्डवर रॅमची दुसरी जागा रिकामी आहे का, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (अधिक वेगाने चालणारी डिस्क) बसेल का. चारची आठ जीबी रॅम आणि एसएसडी एवढ्यावर तुमच्या कामाचे मशीन आणखी काही वर्षे चालावे, आणि तो खर्च नव्या कॉम्प्युटरच्या मानाने पुष्कळ कमी आहे. उत्तर नाही आले, तर सोसायटीच्या कर्जाबद्दल यजमानांशी बोलायला हरकत नाही; तेव्हा आठ जीबीहून कमी रॅमचे मशीन घेऊ नका, आणि ते दुकानात आल्यावर पहिल्या दिवशीच त्यावर दुकानाचे स्वतंत्र प्रोफाइल बनवा.